मूक 'थ'

वैद्यकीय महाविद्यालयात मी 'अस्थमा' म्हणालो आणि वर्गात हशा पिकला. 'थ' मूक असतो, उच्चार 'ॲस्मा', हे त्या दिवशी कळले. धाप या अर्थाचा हा मूळ ग्रीक शब्द. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'अस्मा' असाच लिहीत. 16व्या शतकात ग्रीक वळणाप्रमाणे 'थ' लेखनात परतला, जिभेवर मात्र आला नाही.

पुढे निपाणीत, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या एका मातेला मी मुलाचे निदान शुद्ध उच्चारात सांगितले. 'दमा' म्हटले की पालक धास्तावतात, म्हणून तो शब्द टाळला. महिन्याभराने मूल धापा टाकीत परत आले. खोकला थांबताच तिने इनहेलर बंद केला होता.

"डॉक्टरसाहेब, दमा म्हणून सांगितलं असतं तर कळलं असतं की!"

तेव्हापासून मी मराठी मातेला 'दमा' आणि कन्नड मातेला 'उब्बस' असेच सांगतो. धास्ती वाटली तर थांबून ती दूर करतो. बरे वाटले तरी औषध का सोडायचे नाही, हे तिच्याच तोंडून वदवून घेतो.

परिषदेत मात्र 'थ' आजही आठवणीने गिळतो. तो उच्चार शिकायला एक दिवस लागला. 'दमा' म्हणायला शिकण्यास काही वर्षे.