अकराव्या कलमाचा कवी

४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं होतात. आतषबाजी, संचलनं, भाषणं ओघानं आलीच. ती टीव्हीवर दिसतील. त्यासोबत एक जुना वादही पुन्हा तापला आहे: हा देश ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जन्माला आला की नाही? ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या भात्यात एक हुकमी बाण असतो. १७९७ साली सिनेटनं एकमतानं मंजूर केलेल्या एका तहात चक्क लिहिलं आहे, की अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थानं ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभं नाही. हे वाक्य बऱ्याचदा जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावावर खपवलं जातं. पण तहावर अध्यक्ष म्हणून सही आहे जॉन अ‍ॅडम्सची, आणि ज्याच्या हातच्या इंग्रजी मसुद्यातून ते वाक्य सिनेटपुढे गेलं तो होता जोएल बार्लो, एक कवी.

कवी म्हणून बार्लो आज वाचवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. १७५४ साली कनेक्टिकटमध्ये शेतकऱ्याच्या घरात जन्म, येलची पदवी, मग स्वातंत्र्ययुद्धात फौजेतला धर्मोपदेशक. होय, धर्मोपदेशक. त्या काळात त्याच्या डोक्यात होतं अमेरिकेचं महाकाव्य. ‘द व्हिजन ऑफ कोलंबस’ १७८७ मध्ये निघालं. तुरुंगात खचलेल्या कोलंबसाला देवदूत येऊन अमेरिकेचं भविष्य दाखवतो, असं कथानक आणि नऊ सर्ग. अर्पणपत्रिका फ्रान्सच्या सोळाव्या लुईला. राजानं पंचवीस प्रती घेतल्या, वॉशिंग्टननं वीस. त्यातल्या किती वाचल्या गेल्या, हा प्रश्न विचारू नये.

पुढच्याच वर्षी हा गृहस्थ फ्रान्सला गेला तो जमिनी विकायला. सायोटो नावाच्या कंपनीतर्फे ओहायोतली जमीन तो फ्रेंच लोकांना विकत होता. मात्र त्या जमिनीवर कंपनीची पक्की मालकीच नव्हती. या धंद्यातला त्याचा साथीदार विल्यम प्लेफेअर. आलेखातले स्तंभ आणि वर्तुळाच्या फाका ज्याच्या नावावर जमा आहेत, तोच हा प्लेफेअर. आकडे डोळ्यांना दिसतील असे मांडणारा माणूस स्वतःचा हिशेब मात्र कुणाला दिसू देत नव्हता. विक्रीचे पैसे कंपनीपर्यंत पोचलेच नाहीत. पॅरिसमधले शेकडो कारागीर, त्यात केसांचे टोप बनवणारेही आणि मुलामा देणारेही, १७९० मध्ये ओहायोच्या जंगलात उतरले तेव्हा हातातली खरेदीखतं रद्दीच्या लायकीची निघाली. त्यांनी वसवलेलं गॅलिपोलिस गाव आजही आहे. बार्लोला हे सगळं ठाऊक होतं का? त्याचे चरित्रकार त्याला संशयाचा फायदा देतात. मी थोडा कमी देईन.

पण याच काळात त्याच्या हातून एक खरोखर धारदार पुस्तक उतरलं. फ्रेंच राज्यक्रांतीवर एडमंड बर्कनं तोफ डागली होती; तिला टॉमस पेननं ‘राइट्स ऑफ मॅन’मधून दिलेलं उत्तर गाजलं. बार्लोचं उत्तर १७९२ साली लंडनमध्ये छापलं गेलं: ‘अ‍ॅडव्हाइस टु द प्रिव्हिलेज्ड ऑर्डर्स’. मक्तेदार वर्गांना तो सांगतो, की तुमची सत्ता तलवारीवर टिकलेली नसून लोकांच्या सवयीवर टिकलेली आहे. खालच्यांना आपण खालचेच आहोत असं वाटत राहतं, तोवर तुमचं निभावतं. न्यायव्यवस्थेवरचं प्रकरण तर आजही अस्वस्थ करतं. ज्या समाजानं गरिबाला ना शिक्षण दिलं ना जगायचं साधन, त्याला चोरीबद्दल त्याच गरिबाला फासावर चढवायचा अधिकार कुठून आला, असा त्याचा सवाल आहे.

आपल्या विषयाला लागून आहे ते चर्चवरचं प्रकरण. बार्लो धर्म आणि चर्च वेगळे काढतो. चर्च म्हणजे सरकारच्या आश्रयानं उभी राहिलेली धर्माची यंत्रणा. अशी यंत्रणा अमेरिकेत नाही आणि तरीही तिथले लोक इतर कुणापेक्षा कमी धार्मिक नाहीत, असं तो बजावतो. त्या वेळी हे पूर्ण खरं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या कनेक्टिकटमध्ये १८१८ पर्यंत अधिकृत चर्चसाठी कर होता. पण विचार पक्का होता. चार-पाच वर्षांनी तहात उतरलेलं वाक्य मला म्हणूनच मुत्सद्द्याची मखलाशी वाटत नाही. त्याची मुळं या पुस्तकात आहेत.

पुस्तकानंतर लंडनमध्ये राहणं अवघड झालं. फ्रान्सनं त्याला नागरिकत्व दिलं, ते १७९३ च्या फेब्रुवारीत. ज्या राजाला महाकाव्य अर्पण केलं होतं त्याचं डोकं त्याच्या महिनाभर आधीच उडवलं होतं. नव्या आवृत्तीतून अर्पणपत्रिकाही उडाली. त्याच वर्षाच्या अखेरीस पेनला अटक झाली. तुरुंगाकडे जाताना पेननं ‘एज ऑफ रीझन’च्या पहिल्या भागाचं हस्तलिखित बार्लोच्या हवाली केलं आणि बार्लोनं ते छापून आणलं. पेन आपल्याला परका नाही. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं, हे सर्वश्रुत आहे. पेनच्या या मित्राचं नाव मात्र आपल्याकडे कुणी घेत नाही.

आता तो तह. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची राज्यं परक्या जहाजांना पकडत, खलाशांना गुलाम करत आणि खंडणी घेऊन सोडत. ब्रिटिश आरमाराचं छत्र गेल्यावर अमेरिकन जहाजं उघडी पडली. अल्जीअर्समध्ये शंभराच्या आसपास अमेरिकन अडकले होते, काही दहा वर्षांहून अधिक. १७९६ मध्ये बार्लो तिथे वकील म्हणून गेला. कबूल केलेले पैसे अमेरिकेहून येत नव्हते, शहरात प्लेगची साथ, आणि शासक रोज नवी धमकी देत होता. बार्लोनं त्याला एक लढाऊ जहाज भेट द्यायचं कबूल केलं, बाक्री नावाच्या ज्यू सावकाराकडून कर्ज काढलं आणि कैद्यांना घरी धाडलं. सरकारला न विचारता दिलेलं हे वचन अमेरिकेला पाळावं लागलं.

त्रिपोलीशी तह त्यानंतरचा. वाटाघाटी केल्या रिचर्ड ओब्रायन या, अल्जीअर्सची कैद भोगून सुटलेल्या, कप्तानानं. सह्या नोव्हेंबर १७९६ मध्ये झाल्या, इंग्रजी प्रत बार्लोनं जानेवारीत प्रमाणित केली. त्रिपोलीच्या शासकाची, म्हणजे पाशाची, पावती तहातच आहे: चाळीस हजार स्पॅनिश डॉलर, तेरा घड्याळं, पाच अंगठ्या, कापड आणि जरीचे चार कफ्तान. अकरावं कलम या यादीच्या शेजारी ठेवून वाचावं. आमचं सरकार ख्रिस्ती पायावर नाही, मुसलमानांच्या धर्माशी आमचं वैर नाही, म्हणून धर्माच्या निमित्तानं सलोखा मोडू नये, असा त्याचा आशय. धर्मनिरपेक्षतेचा हा जाहीरनामा खंडणीच्या पावतीसोबत आला, हे त्याचे भक्त सांगत नाहीत.

आणि खरी गंमत पुढेच आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकी परराष्ट्र खात्यासाठी जुने तह संपादित करताना हंटर मिलर यांनी अरबी मूळ प्रत तपासायला दिली ती लायडनचे डच अरबी-पंडित स्नूक हुर्खरोन्ये यांना. हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मुसलमान नाव घेऊन तो १८८५ मध्ये मक्केत राहून आला, तिथली अगदी सुरुवातीची छायाचित्रं त्यानं जमवली, आणि पुढे सुमात्रातल्या आचेच्या युद्धात डच सरकारला मुसलमानांशी कसं लढावं याचा सल्ला दिला. त्याची विद्वत्ता निर्विवाद, हेतू मात्र नेहमी साम्राज्याच्या सोयीचा. त्यानं अरबी प्रत वाचली आणि कळवलं, की अकरावं कलम तिथे नाहीच! त्या जागी अल्जीअर्सच्या शासकानं त्रिपोलीच्या पाशाला लिहिलेलं एक अघळपघळ पत्र आहे.

म्हणजे ज्याला दिलासा द्यायचा त्या पाशाच्या प्रतीत ते आश्वासन नव्हतंच. ते पोचलं फक्त अमेरिकनांपर्यंत. बार्लोनं मुद्दाम घुसडलं की कुठल्या नकलनविसाचा घोळ, हे कागदांवरून ठरत नाही. ‘ख्रिस्ती राष्ट्र’वाले या शोधाचा आधार घेऊन कलमच बाद ठरवतात, ते मला पटत नाही. सिनेटपुढे वाचला गेला तो इंग्रजी मजकूर, आणि त्याला एकाही सदस्यानं विरोध केला नाही. अरबी प्रतीत काय होतं याची त्यांना कल्पनाही नव्हती. पाशासाठी म्हणून लिहिलेलं वाक्य घरच्यांनीच शांतपणे मान्य केलं, यात त्या पिढीबद्दल पुष्कळ काही येतं. मात्र दुसऱ्या बाजूनंही फार नाचू नये. १८०१ मध्ये पाशानं अमेरिकेच्या वकिलातीसमोरची ध्वजकाठी तोडून युद्ध पुकारलं, आणि १८०५ च्या नव्या तहात ख्रिस्ती पायाबद्दलचे शब्द गाळले गेले.

बार्लो १८०५ मध्ये मायदेशी परतला आणि जुनं महाकाव्य आणखी फुगवून १८०७ मध्ये ‘द कोलंबियड’ नावानं थाटामाटात काढलं. कागद, छपाई, चित्रं सगळं उत्तम. कविता अधिकच जड. त्यातली एकच जागा जिवंत आहे. आफ्रिकेचा रक्षक अ‍ॅटलस उभा राहून अमेरिकेला विचारतो, स्वातंत्र्याचा डंका पिटता आणि माझ्या लेकरांना साखळदंडात ठेवता? गुलामगिरी संपल्यावर, १८७३ मध्ये, फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकन लोकांना अर्पण केली. ती संपायच्या अर्ध्या शतकाहून अधिक आधी एक अमेरिकन आपल्याच राष्ट्राच्या गौरवगाथेत ही खोट नोंदवून ठेवतो, याला धैर्य लागतं.

खरा कवी त्याच्यात जागा झाला तो शेवटच्या महिन्यात. तेव्हा तो अमेरिकेचा वकील म्हणून पुन्हा फ्रान्समध्ये होता. व्यापारी करारासाठी नेपोलियननं त्याला १८१२ मध्ये विल्ना शहरी बोलावलं; सम्राट मॉस्कोहून माघारी पळत होता, भेट झालीच नाही. त्या थंडीत त्यानं रशियातल्या एका कावळ्याला उद्देशून कविता लिहिली. इथली प्रेतं गोठून दगड झाली आहेत, चोच लागणार नाही, तू आपला दक्षिणेकडे जा, नेपोलियननं तिकडेही तुझी सोय केली आहे, असा तिचा रोख. तिच्यात देवदूतही नाही आणि भविष्याचं स्वप्नही नाही. ज्या क्रांतीसाठी तो वीस वर्षांपूर्वी भांडला तिचं काय झालं हे बघून आलेला संताप तेवढा आहे. परतीच्या वाटेवर २६ डिसेंबरला पोलंडमधल्या झार्नोवेत्स गावी न्यूमोनियानं त्याचा मृत्यू झाला. तिथेच त्याला पुरलं. करार राहिला तो राहिलाच. ती कविता त्याच्या हयातीत छापली गेली नाही, आणि माझ्या मते त्याच्या दोन्ही महाकाव्यांहून ती सरस आहे.