न बसणाऱ्या पावलांची चप्पल

मराठी घरात चपलेला उंबरठ्याच्या आत जागा नाही. 'पायीची वहाण पायीच बरी' या म्हणीने तर तिची पायरी कायमची ठरवून टाकली आहे. शालूचा पोत, पैठणीचा काठ, दागिन्यांची घडण यांवर चार-चार दिवस खल करणारे कुटुंब चप्पल मात्र कार्याच्या आदल्या संध्याकाळी, बाजारातून घाईघाईने उचलते. ज्यांचे पाऊल बाजारच्या मापात चपखल बसते, त्यांचे यात फारसे बिघडत नाही. परंतु ज्यांचे पाऊल कोठेच बसत नाही, त्यांना लग्न, मुंज, बारसे हे सारे सोहळे प्रथम पायातून आठवतात. त्यांच्यासाठी आणि त्यांना तपासणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंसाठी हा लेख आहे.

बालरोगतज्ज्ञाने चपलांवर का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्याकडे येणारे मूल एकटे येत नाही. त्याच्याबरोबर आई येते, बहुधा आजीही येते. तपासणीच्या खोलीबाहेर चपला काढताना एकाच घरातील तीन पिढ्यांची पावले दृष्टीस पडतात. मुलाचे गुबगुबीत पाऊल, बाळंतपणानंतर पसरलेले आईचे पाऊल आणि अंगठ्याच्या मुळाशी गाठ येऊन वाकडे झालेले आजीचे पाऊल. आजार नसतानाही त्या पावलांकडे लक्ष गेले, की बरेच काही कळते.

बाजारचे माप कोणाचे?

आपल्याकडील पादत्राणांवर दोन प्रकारचे आकडे असतात. ब्रिटिश पद्धतीत एका क्रमांकाचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. युरोपीय पद्धतीत 37, 38 हे आकडे दिसतात आणि त्यांतील अंतर दोन तृतीयांश सेंटिमीटरचे असते. दोन्ही पद्धती मोजतात ती लांबी. चवड्याची रुंदी, पावलाच्या माथ्याची उंची, टाचेचा निमुळतेपणा यांची नोंद त्या आकड्यात नसते. काही देशांत एकाच लांबीच्या तीन-चार रुंदी मिळतात. आपल्या सर्वसाधारण दुकानात 'सहा नंबर' म्हणजे एकच सहा नंबर.

चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मोजणी केली. भारतीय पाऊल युरोपीय पावलाच्या तुलनेने रुंद असते, हा तिचा ठळक निष्कर्ष होता. त्या आधारावर 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली आणि 2024 साली ती चर्चेत आली. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना हे मोजणीशिवायच ठाऊक होते, एवढेच.

रुंदी मिळाली नाही, की माणूस लांबी वाढवून घेतो. पाच नंबरचे रुंद पाऊल सहा नंबरच्या सँडलमध्ये शिरते. मग टाच मागे सरकते, चप्पल जेथे वाकायला हवी त्याच्या पुढेच वाकते, बोटे पुढच्या पट्ट्यात आवळून धरावी लागतात. संध्याकाळपर्यंत पोटरी दुखते आणि दोष मात्र वयाला किंवा वजनाला दिला जातो.

पाऊल का बसत नाही?

कारणे अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक आपल्या रोजच्या तपासणीत असतात. गरोदरपणात पावलाची कमान किंचित खाली येते आणि लांबी वाढते. 2013 साली आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा बदल प्रसूतीनंतर पाच महिन्यांनीही टिकून असल्याचे आढळले. पहिल्या बाळंतपणात तो विशेष दिसतो. 'लग्नातली सँडल आता होत नाही' ही नव्या आईची तक्रार सूज किंवा वजन म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. ती सँडल तिला पुन्हा कधीच होणार नाही, हे सांगून टाकणे अधिक दयाळूपणाचे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे पाऊल आखूड व रुंद असते, कमान सपाट असते आणि अंगठा व शेजारचे बोट यांत ठळक अंतर असते. गंमत अशी, की वैद्यकीय पुस्तकांत या अंतराला सँडलच्याच नावाने ओळखतात आणि प्रत्यक्षात सँडल मिळवताना याच मुलांच्या पालकांची सर्वाधिक वणवण होते.

जन्मतः वळलेल्या पावलाची, म्हणजे क्लबफूटची कथा आणखी वेगळी. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलून, गरज पडल्यास टाचेची शीर कापून आणि पुढे चार-पाच वर्षांपर्यंत रात्री विशेष बूट वापरून पाऊल सरळ होते. मूल धावते, खेळते. तथापि दोष एकाच बाजूला असेल, तर ते पाऊल आणि ती पोटरी दुसऱ्या बाजूपेक्षा थोडी लहान राहते. उपचार पूर्णतः यशस्वी होऊनही दोन पावलांचे माप दोन, असे आयुष्य त्या मुलाच्या वाट्याला येते. आणि दुकानदार एका जोडीत दोन मापे देत नाही.

याखेरीज संधिवाताने वाकलेली बोटे, हृदय वा मूत्रपिंडाच्या विकाराची सूज, हत्तीरोग आणि मधुमेहाने बधिर झालेली पावले आहेत. शेवटचा प्रकार सर्वांत फसवा. ज्या पायाला चप्पल चावलेली कळत नाही, त्याला कोणतीही चप्पल 'बसते'.

त्वचारोगतज्ज्ञांना परिचित असलेले एक कारण येथे नोंदवतो. पावलावर नेमक्या पट्ट्याच्याच आकाराचा खाजरा, काळसर चट्टा उठला, तर माप बरोबर असूनही चामडे किंवा रबर सोसत नसते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे, रबरातील रसायने आणि चिकटवण्याचा गोंद हे नेहमीचे अपराधी.

सपाट पायाची धास्ती

पालकांचा हमखास प्रश्न असतो, 'डॉक्टर, याचा पाय सपाट आहे, भारी बूट घेऊ का?' तान्ह्या बाळाचे पाऊल सपाटच दिसते, कारण कमानीखाली चरबीची गादी असते. पहिल्या दहा वर्षांत कमान हळूहळू आकार घेते. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधील राव व जोसेफ यांनी 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 साली जो अहवाल प्रसिद्ध केला, तो प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण 8.6 टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के आढळले. त्यातही पुढून बंद असलेले बूट वापरणाऱ्यांत ते अधिक आणि सँडल-चप्पल वापरणाऱ्यांत कमी होते. बुटांत खास टाच वा कमानीचा आधार बसवून लवचीक सपाट पाऊल सुधारत नाही, हेही 1989 साली प्रसिद्ध झालेल्या, तीन वर्षे चाललेल्या एका तुलनात्मक अभ्यासाने दाखवून दिले. मूल दुखण्याची तक्रार करीत नसेल, पाऊल लवचीक असेल आणि चवड्यावर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल, तर घरात त्याला अनवाणी खेळू द्यावे. पाऊल ताठ वा दुखरे असेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आपल्या दारची कारागिरी

बेळगावकरांनी न बसणाऱ्या पावलाचे उत्तर शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे समाविष्ट झाले. सीमेच्या वादात आपल्या किती पिढ्या गेल्या. चपलेने ती सीमा कधी मानलीच नाही. अथणी आणि निपाणीच्या घराघरांत पुरुष तळ कापतात, शिवतात आणि स्त्रिया वेणी घालतात. जून 2025 मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात 'प्रादा'ने हुबेहूब तशीच चप्पल मांडली आणि गदारोळ झाल्यावर तिची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले, हे सर्वांनी वाचले असेलच.

वैद्यकीय दृष्टीने या चपलेचे दोन गुण महत्त्वाचे. पारंपरिक पद्धतीत तिचे चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले असते, त्यामुळे क्रोमियमची ॲलर्जी असलेल्यांना ती मानवू शकते. मात्र खरेदीपूर्वी तशी खात्री करून घ्यावी. दुसरा गुण असा, की ती हाताने बनते. जी वस्तू हाताने बनते, ती मापाने बनवता येते. पट्टा बोटभर रुंद, कान थोडे लांब, अंगठ्याचे वेढे सैल किंवा मुळीच नाही, मागे टाचेला बंद, तळाला रबर, आतून मऊ अस्तर, हे सारे कारागिराला सांगता येते.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. तळ कडक व सपाट असतो, नवी चप्पल चावते आणि गुळगुळीत चामड्याचा तळ मंगल कार्यालयाच्या फरशीवर घसरतो. तेल चोळून आठवडाभर घरात थोडी-थोडी वापरल्याशिवाय ती कार्याला घालू नये. ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अंगठ्यात अडकणारी कोणतीच चप्पल वापरू नये, मग ती कितीही देखणी असो.

देखणेपण हाही उपचारच

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा धडा कुष्ठरोगाच्या क्षेत्राने दिला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी बधिर पावलांचा अभ्यास करून दाखवून दिले, की बोटे रोगाने 'गळत' नाहीत. न जाणवणाऱ्या इजांनी ती झिजतात आणि योग्य पादत्राणाने वाचवता येतात. त्यातून मऊ सच्छिद्र रबराच्या चपला सर्वत्र वाटल्या जाऊ लागल्या. त्यांनी असंख्य पावले वाचवली. परंतु त्यांचा एकसारखा काळा, ओबडधोबड घाट पाहताच गावाला रोग कळे, म्हणून अनेक रुग्ण त्या घरी ठेवून अनवाणी बाहेर पडत. उपचार बरोबर होता. तो चारचौघांत घालता येत नव्हता.

मधुमेही आजींचे आज तेच होते. डॉक्टरांनी लिहून दिलेली जाडजूड चप्पल बाजाराला चालते, नातीच्या लग्नाला नाही. त्या दिवशी कपाटातली नाजूक सोनेरी चप्पल निघते, वरात मैलभर चालते आणि आठ दिवसांनी शल्यचिकित्सकाच्या दारात करंगळीची जखम येते. आजींना हट्टी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांना जरीच्या साडीखाली शोभेल अशी सुरक्षित चप्पल मिळवून देणे, हे आपले काम आहे.

माझ्याकडे तान्हेपणापासून येणाऱ्या, एका बाजूचा क्लबफूट बरा झालेल्या मुलीने दहावीच्या वर्षी स्नेहसंमेलनात नाचायला नकार दिला. तिचे पाऊल उत्तम चालत होते. मैत्रिणींनी ठरवलेली सँडल तिच्या एका पायात सैल होत होती आणि कापूस कोंबलेला सर्वांना दिसला असता. तिच्या वडिलांनी दोन्ही पावलांचे ठसे कागदावर काढून अथणीकडच्या एका कारागिराला दिले. त्याने आठ दिवसांत जोडी करून दिली. डावी चप्पल उजवीपेक्षा लहान, पण दोन्हींचा बाह्य आकार डोळ्यांना सारखा भासेल असा काठ सोडलेला, मागे नाजूक बंद आणि वर लाल गोंडा. मुलगी नाचली. पोन्सेटींच्या प्लास्टरने जे काम सुरू केले होते, ते त्या कारागिराच्या आरीने पूर्ण केले, असे मला वाटते.

माप घेताना

कार्याच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करावी. माप संध्याकाळी, उभे राहून आणि दोन्ही पावलांचे घ्यावे. पेन्सिल उभी धरून कागदावर रेखा काढावी आणि चवड्याचा घेर शिवणाच्या टेपने मोजावा. तयार जोडी घ्यायची असल्यास मोठ्या पावलाच्या मापाने घ्यावी. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी. मुलांसाठी थोडी अधिक. तीन वर्षांखालील मुलांचे माप दर तीन महिन्यांनी तपासावे. 'वाढत्या अंगाची' म्हणून दोन नंबर मोठी सँडल घेऊ नये आणि थोरल्याची झिजलेली जोडी धाकट्याला देऊ नये.

हातात घेऊन वाकवल्यास सँडल चवड्याशी वाकावी, मधोमध दुमडू नये. मागे बंद असावा. पट्टा बकलाचा वा चिकटपट्टीचा असल्यास सूज चढली की सैल करता येतो. टाच हवीच असेल तर रुंद आणि तीन-चार सेंटिमीटरपर्यंतच. गाठ असलेल्या पावलाला शिवण वा खडे नेमके गाठीवर येणार नाहीत, हे पाहावे. मधुमेहींनी घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, काढल्यावर पाऊल निरखावे आणि मांडवात चप्पल काढावी लागते म्हणून जाड सुती मोजे बरोबर ठेवावेत. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीने आलेले फोड आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

आपल्या व्यवसायबंधूंना एक विनंती. रुग्णाला 'चांगली चप्पल वापरा' एवढे सांगून थांबू नये. कोणती, कोठून आणि कोणाकडून, हेही सांगावे. आपण औषधविक्रेत्याचा, प्रयोगशाळेचा पत्ता देतो, तसा पावलाचे माप समजणाऱ्या एखाद्या चर्मकाराचा पत्ताही आपल्या टेबलावर असावा. त्याच्याशी एकदा बसून बोलावे, बधिर पाऊल म्हणजे काय हे त्याला दाखवावे. त्याच्या हातात पिढ्यांचे कसब आहे आणि आपल्याकडे निदान आहे. ही दोन माणसे आजवर एकमेकांना भेटली नाहीत, म्हणून कित्येक पावले लग्नाच्या दिवशी घरी बसली.