वळिवड्याला कोण राहून गेले?

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला तुमच्यापैकी कित्येकजण गेले असतील. पण ही कापडपेठ बसण्याआधी तिथे आणि लगतच्या वळीवडे गावच्या माळावर कोण राहत होते, हे ठाऊक आहे का?

१९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुले.

पोलंड कुठे नि वळीवडे कुठे! ही माणसे काही हौसेने आली नव्हती. त्यांच्यातली पुष्कळ घरे तुमच्या-आमच्यासारखी शेतकऱ्यांची. महायुद्धात पोलंडचा पूर्व भाग रशियाने घेतला आणि फेब्रुवारी १९४० मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत, शिपाई दारात येऊन उभे राहिले. हाताला लागेल ते गाठोडे बांधा नि चला! गोठ्यातली जनावरे दावणीलाच राहिली. मालगाडीत कोंबून त्यांना सायबेरियाच्या जंगलात लाकूडतोडीला नेले. उपासमारीने, रोगाने कित्येक दगावले. १९४१ मध्ये जर्मनी रशियावर चालून आला तेव्हा त्यांची सुटका झाली. जे जगले, त्यांतले काही इराणमार्गे आपल्याकडे पोचले. छावणीत बराकी होत्या, शाळा, दवाखाना, चर्च होते. आसपासचे लोक दूध-भाजी विकायला जात. भाषा कळत नव्हती, पण बाजार काही अडला नाही.

खरा प्रश्न पुढेच आला. १९४५ साली युद्ध संपले. “आता जा घरी” म्हणणे सोपे होते. पण घर होते कुठे? अनेकांची शेते रशियाच्या हद्दीत गेली होती, नि पोलंडची सत्ताही रशियाच्याच मुठीत. काहीजण आपल्या मर्जीने परत गेले. बाकीच्यांना इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी थारा मिळाला. मोकळ्या बराकींत मग फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव आले. तेच आजचे गांधीनगर.

जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलू नये, हा नियम १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिला गेला. आपल्या देशाने त्यावर सही केलेली नाही. मला ही उणीव वाटते. तरीही आपली राज्यघटना जीविताचे रक्षण केवळ नागरिकाला नव्हे, प्रत्येक व्यक्तीला देते. कर्णफुली नदीवरच्या धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या, असे चकमा लोक १९६४ पासून पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात वसले होते. पुढे त्यांना हुसकून लावण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून त्यांचे रक्षण करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

तुम्ही म्हणाल, “साहेब, आमच्याच विहिरीला पाणी नाही, त्यात परक्यांचे कुठे काढता?” रास्त आहे. शिवाय येणारा प्रत्येकजण जीव वाचवायलाच आलेला असतो असेही नाही. कुणी कामधंद्यासाठीही येतो. पण माझी हयात पंचनामे करण्यात गेली. गारपीट झाली की जीपमधूनच शिवार पाहून “नुकसान नाही” असा शेरा मारणारे महाभागही मी पाहिले आहेत. अशा वेळी तुम्ही काय म्हणता? माझ्या बांधावर या, माझे पीक पाहा, मग लिहा. आश्रय मागणाऱ्याचेही एवढेच मागणे असते. त्याचा पंचनामा अजून झालेला नसतो. तो होईपर्यंत त्याला हाकलू नये, कोठडीत कुजवू नये, पोराबाळांना औषध-शाळा तोडू नये. चौकशीअंती दावा खोटा निघाला, तर कायदा आहेच. मात्र एकाच्या खोटेपणापायी सगळ्या गावाची भरपाई कुणी बुडवत नाही.

वळिवड्यात वाढलेली काही मुले पुढे म्हातारपणी कोल्हापूर पाहायला मुद्दाम आली होती. पुढच्या खेपेला बस्ता बांधायला गेलात, तर वाट थोडी वाकडी करून कोल्हापूरच्या महावीर उद्यानात जा. त्या लोकांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. मुलांनाही बरोबर न्या.