‘सॅक्सोफोन कोलोसस’ : एक श्रवण

जॅझ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटातील एखादे क्लबगीत उभे राहते. त्यात वावगे काही नाही. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकोलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा ताफा खुद्द पडद्यावर दिसतो. परंतु जॅझचे मूळ घर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत आहे, आणि तेथील एक तबकडी हा या लेखाचा विषय आहे.

तबकडीचे नाव ‘सॅक्सोफोन कोलोसस’. २२ जून १९५६ रोजी ती मुद्रित झाली. टेनर सॅक्सोफोन वाजवणारे सनी रॉलिन्स त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स आणि ड्रम्सवर मॅक्स रोच. रचना फक्त पाच, एकूण अवधी सुमारे ४० मिनिटे. या वादनशैलीला ‘हार्ड बॉप’ म्हणतात. १९४० च्या दशकातील बीबॉप अतिशय वेगवान व बुद्धिप्रधान होते. त्याची गुंतागुंत कायम ठेवून त्यात ब्लूजचा आणि चर्चमधील गायनाचा जुना जिव्हाळा परत आणणे, हे हार्ड बॉपवाल्यांचे काम. रॉलिन्स आणि रोच हे दोघेही तेव्हा क्लिफर्ड ब्राउन या तरुण ट्रंपेटवादकाबरोबर एकाच पंचकात वाजवीत असत. मुद्रणानंतर चारच दिवसांनी, २६ जूनला, ब्राउन आणि त्याच पंचकातील पियानोवादक रिची पॉवेल मोटार अपघातात मरण पावले. म्हणून या तबकडीवरील मोकळा, खट्याळ आनंद मला नेहमी थोडा जपून ऐकावासा वाटतो.

अलीकडे हेच मुद्रण ‘हाय-रिझोल्यूशन’ रूपात मिळते आणि आमच्या मित्रमंडळींत त्यावरून कडाक्याचे वाद होतात. चांगले ऐकण्यासाठी मोठी फाइल आणि महाग हेडफोन हवेतच काय? हिशेब करून पाहू. साध्या सीडीवर ध्वनीची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते, आणि प्रत्येक मोजणीला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या मिळतात. हाय-रिझोल्यूशनमध्ये, समजा, सेकंदाला ९६,००० मोजण्या आणि २४ बिट असतात. पायऱ्यांची संख्या दीड कोटीच्या पुढे जाते. चाळीस मिनिटांच्या संगीताला सीडीच्या मापाने सुमारे ४२० मेगाबाइट लागतात, तर या मापाने जवळजवळ १,४०० (दाबून लहान न केल्यास).

आता मुद्रण कसे झाले ते पाहा. रूडी व्हॅन गेल्डर हा मनुष्य दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर देत असे, आणि न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक गावी आईवडिलांच्या घरातील दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करीत असे. हे मुद्रण ‘मोनो’ आहे; सर्व वाद्ये एकाच मार्गिकेवर. म्हणजे डाव्या-उजव्या कानासाठी जी दुहेरी फाइल आपण साठवतो, तिचा निम्मा भाग दुसऱ्या निम्म्याची नक्कल असतो! १६ बिटांत आवाजाच्या लहानमोठेपणाचे ९६ डेसिबेलपर्यंतचे अंतर मावते. १९५६ च्या फितीवर तिच्या स्वतःच्या खरखरीमुळे एवढे अंतर नव्हतेच. सेकंदाला ९६,००० मोजण्यांमुळे जे अतिसूक्ष्म स्वर टिपले जातात, ते तर माणसाच्या कानाच्या २०,००० हर्ट्झच्या मर्यादेपलीकडचे. (वयपरत्वे ही मर्यादा खाली येते. प्राध्यापकवर्गाने क्षमा करावी.)

तरीसुद्धा नव्या आवृत्त्या कधी कधी खरोखरच सरस वाटतात. माझ्या मते त्याचे श्रेय आकड्यांना नसून मूळ फितीला आहे. नकलेची नक्कल न घेता मूळ फीत काळजीपूर्वक वाजवून घेतली की वॉटकिन्सच्या बासची तार बोटाखालून सुटताना ऐकू येते. मग ती सीडीवर ऐकली तरी चालते. म्हणून आकड्यापेक्षा, फीत कोणती घेतली हे आधी पाहावे.

यापलीकडचे ऐकणे मात्र यंत्राच्या हातात नाही. शेवटची रचना ‘ब्लू सेव्हन’ घ्या. अकरा मिनिटांहून थोडी अधिक. आरंभी बास एकटाच चालू लागतो, मग रॉलिन्स एक तुटक, कोड्यात टाकणारी धून वाजवतात. घरी पेटी असेल तर प्रयोग करून पाहा. काळी पाच हा षड्ज धरा. धुनेतील कळीचे तीन स्वर म्हणजे पांढरी दोन, काळी चार आणि पांढरी तीन. अर्थात शुद्ध गंधार, कोमल निषाद आणि तीव्र मध्यम. आता पांढरी तीन हाच षड्ज माना. जो गंधार होता तो कोमल निषाद झाला, आणि जो निषाद होता तो गंधार! घर कोणते, हा निवाडा धून करीतच नाही. पुढे बारा मात्राखंडांच्या आवर्तनामागून आवर्तने जातात आणि रॉलिन्स याच तीन-चार स्वरांच्या तुकड्याकडे पुनःपुन्हा वळतात. तो लांबवतात, उलटवतात, मध्येच गप्प बसतात. ख्यालातील बढतीची आठवण होते खरी, पण येथे पायाखालची स्वरसंगतीच सरकत असते. तंबोऱ्याचा खिळलेला षड्ज नाही. रोच यांचे ड्रमवादनही असेच एकदोन लयखंडांतून वाढते.

ही बांधणी गुंथर शूलर या संगीतकाराने नोव्हेंबर १९५८ मध्ये ‘द जॅझ रिव्ह्यू’ या मासिकात स्वरलिपीसह उलगडून दाखवली. वरील तीन स्वरांचे निरीक्षण त्याचेच आहे. पेटीवर मांडण्याचा खटाटोप माझा. लेख अजोड मानला जातो. पण रॉलिन्स यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले की, तो वाचून वाजवताना आपण स्वतःकडेच पाहू लागलो, आणि मग आपल्यावरची समीक्षा वाचायचे सोडून दिले. आपण मराठीच्या तासाला कवितेचे पदर सोडवतो तेव्हा कवीला काय वाटत असेल, असा प्रश्न मला येथे पडला. शूलरचे म्हणणे चुकीचे नव्हते, तरीही वादकाला ते नको होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

१९५९ मध्ये कीर्ती शिगेला असताना रॉलिन्स यांनी जाहीर कार्यक्रम थांबवले आणि सुमारे दोन वर्षे ते न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटेच रियाज करीत राहिले. साठच्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्यांदा विराम घेतला, तेव्हा ते योग व वेदान्त शिकण्यासाठी मुंबईला पवईच्या आश्रमात येऊन राहिले होते. १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त त्यांनी मुंबईत वादनही केले.

प्रथमच ऐकणाऱ्याने ‘सेंट टॉमस’पासून सुरुवात करावी. रॉलिन्स यांची आई मूळची व्हर्जिन बेटांवरची; तिकडच्या कॅलिप्सो चालीवरची ही रचना पहिल्याच श्रवणात आवडते. ‘ब्लू सेव्हन’ रात्री, दिवा मालवून, आणि शक्य तर पेटी जवळ ठेवून ऐकावे.