‘या’ म्हणण्याच्या तीन तऱ्हा

पाहुण्याला ‘या’ म्हटल्यामुळे दोन घरांत दीड महिना अबोला राहिला, असे सांगितले तर वाचकांना ती थाप वाटेल. पण आमच्याकडे ते घडले.

२००९ साली मराठीचा अध्यापक म्हणून मी पुण्याहून सोलापूरला आलो आणि पूर्व भागात बिऱ्हाड केले. पूर्व भाग म्हणजे मुख्यतः तेलुगु बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, मागावरची कुटुंबे या गावी येत गेली. गिरण्या पुढे बंद पडल्या, माणसे राहिली. गल्लीत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो आणि ओट्याओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया दिसतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. हात थांबला की पैसा थांबला.

आईला इथले काहीच रुचेना. दुकानदार मला ‘काय मालक’ म्हणे. दोन भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्याला मालक म्हणणे ही तिला सरळसरळ थट्टा वाटे. तरी शेजारधर्म म्हणून नारळी पौर्णिमेला ती नारळीभाताची वाटी घेऊन समोरच्या घरी गेली. गावात त्या दिवशी मार्कंडेयाच्या रथाची धामधूम असते. समोरच्या बाई मात्र सूप घेऊनच बसल्या होत्या. आईला पाहताच त्या उठल्या, पदर सारखा केला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात एकच शब्द उच्चारला.

तो शब्द मी छापू शकत नाही. मराठीत तो घरंदाज बाईपुढे कोणी उच्चारीत नाही. आई वाटीसकट परत आली. “या वयात हे ऐकायचं राहिलं होतं,” एवढेच बोलली आणि त्या दिवसापासून आमचे समोरचे दार बंद राहू लागले.

उलगडा झाला तो वर्गात. मी आदरार्थी बहुवचन शिकवीत होतो. कानडीत आदर ‘री’ने दाखवतात, ‘बर्री’ म्हणजे ‘या’, हे सोलापुरात सर्वांनाच ठाऊक असते. सहज एका तेलुगु विद्यार्थ्याला विचारले, तुमच्यात कसे? तो म्हणाला, “सर, आम्ही ‘अंडि’ जोडतो. ‘चेप्पु’ म्हणजे सांग, ‘चेप्पंडि’ म्हणजे सांगा. ‘कूर्चोंडि’ म्हणजे बसा. आणि ‘रा’ म्हणजे ये...” इथे तो थांबला. वर्ग हसू लागला. वाचकांनी ‘रा’ला ‘अंडि’ मनातल्या मनात जोडून पाहावे. एम.ए.ला भाषाशास्त्राचा पेपर दिलेल्या मला एवढे कळायला एक पोरगा भेटावा लागला!

घरी येऊन आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिनं सूप खाली ठेवलं होतं रे माझ्यासाठी.”

आता आपणहून कसे जावे, हा प्रश्न होता. पण भाद्रपद अमावास्येला त्या बाईच आमच्या दारात उभ्या राहिल्या, हातात कुंकवाचा करंडा घेऊन. त्या दिवसापासून दुर्गाष्टमीपर्यंत तेलंगणी बायकांची बतुकम्मा चालते, आणि तिचे बोलावणे नुसते तोंडी करायचे नाही, बोट्टु म्हणजे कुंकू लावून करायचे, अशी त्यांची रीत. दीड महिना बंद दार पाहूनही त्यांनी आमचे घर वगळले नव्हते. आईने मुकाट्याने कपाळ पुढे केले.

संध्याकाळी अंगणात ताटात तरवडाची पिवळी फुले, कुरडू, झेंडू यांचे थरावर थर रचून ठेवले होते आणि बायका टाळ्या वाजवीत भोवती फेर धरून गात होत्या. आई क्षणभर पाहत राहिली आणि उद्गारली, “अगंबाई, हा तर भोंडला! फक्त मध्ये हत्ती नाही.” मग कोणी ओढण्याची वाट न पाहता ती फेरात शिरली. शेवटी गूळपोळीचा मलिदा आला, तेव्हा तिने सवयीने खिरापत ओळखायला सुरुवात केली. लाडू? करंज्या? कोणाला काही समजेना, पण हसल्या सगळ्या.

निघताना तिने मला हळूच विचारले, “यांच्यात काय म्हणतात?” मी विद्यार्थ्याकडून ते शिकून ठेवले होते. ‘पोयि वस्तानु’, जाऊन येते. कानडी माणूसही ‘होगि बर्तीनि’ म्हणतो, तेही तेच. निरोप घेताना नुसते ‘जाते’ म्हणणे तिन्ही भाषांना अशुभ वाटते, ही गंमत माझ्या तोपर्यंत ध्यानातच आली नव्हती. आईने ते दोन शब्द पुणेरी उच्चारांत म्हटले. शेजारीणबाईंनी तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई पुन्हा समोर गेली. उंबऱ्यातूनच म्हणाली, “उठू नका हो, सूप खाली ठेवू नका, काम चालू द्या.” बाईंनी सूप खाली ठेवलेच. उठून हात जोडले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तोच शब्द उच्चारला. आई आत जाऊन बसली.