प्रवाळभित्तीवर रोखलेला कॅमेरा

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमधील स्टाइनहार्ट मत्स्यालयात फिलिपिन्सच्या समुद्राची प्रतिकृती म्हणून उभारलेली प्रवाळभित्ती आहे. तिची टाकी 25 फूट खोल असून तिच्यात सुमारे 8 लाख लिटर पाणी मावते. जिवंत प्रवाळांच्या इतक्या खोल टाक्या जगात थोड्याच आहेत. टाकीतले दृश्य कॅमेऱ्यातून इंटरनेटवर थेट दिसते. तिथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा, तर हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. साहजिकच पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला जेवणे आटोपल्यावर भर दिवसाची भित्ती पाहता येते.

पहिली काही मिनिटे दिसते ती नुसती रंगांची धांदल. कॅमेरा जागचा हलत नाही हे सुरुवातीला खटकते, पण निरीक्षणाला तेच उपयोगी पडते. चौकट बदलत नसल्यामुळे कोणता मासा कोणत्या कपारीत परततो हे हळूहळू ध्यानात येते. डॅमसेल कुळातले बोटभर मासे आपल्या हद्दीत घुसलेल्या कितीतरी मोठ्या माशालाही हुसकावून लावतात. टाकीत पाणबुड्या उतरला की खाण्याच्या आशेने मासे त्याच्याभोवती जमतात. कॅमेऱ्याला मात्र ते विचारत नाहीत.

भित्तीवर सर्वांत पाहण्याजोगा व्यवहार क्लीनर रास या निळ्या, काळ्या पट्ट्याच्या चिमुकल्या माशाचा. त्याची जागा ठरलेली असते. मोठे मासे तिथे येऊन थबकतात, तोंड आणि कल्ले उघडून धरतात, आणि हा आत शिरून परजीवी टिपतो. त्याला खरी गोडी असते ती गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या चिकट थराची, म्हणून तो मधूनच लबाडीने चावाही घेतो. गिऱ्हाईक दचकते ते त्यामुळेच, आणि तो झटका पडद्यावरही ओळखता येतो. दुसरे मासे पाहत असतील तर हाच मासा जास्त सचोटीने वागतो, असे रेदुआन बशारी आणि अलेक्झांड्रा ग्रटर यांनी 2006 मध्ये प्रयोगांतून दाखवले. त्याच्या कळपात एक नर व अनेक माद्या असतात. नर मेला की सर्वांत मोठी मादी नर बनते.

अर्थात टाकीतल्या माशांना खाणे वेळेवर मिळते आणि शिकाऱ्याचे भय फारसे नसते. म्हणून इथल्या माशांची दाटी किंवा धीटपणा पाहून खऱ्या समुद्राविषयी अनुमान काढणे धोक्याचे.

प्रवाळ मात्र दिवसा दगडासारखेच भासतात. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात, त्यामुळे टाकीवरचे दिवे हेच प्रवाळांच्या पोषणाचे मुख्य साधन. अनेक जातींची संस्पर्शके रात्री उघडतात, पण तेव्हा दिवे मंदावलेले असतात आणि चित्र काळोखते. अवरक्त किरणांचाही उपयोग होत नाही, कारण पाणी ते थोड्याच अंतरात शोषून घेते.

प्रवाळांचे प्रजननही रात्रीचेच. निसर्गात अनेक जाती वर्षातून एकदा, बहुधा पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी तापमान, दिवसाची लांबी आणि चांदणे यांचे वार्षिक चक्र टाकीत हुबेहूब उभे केले आणि अक्रोपोरा प्रवाळांकडून हे ठरल्या वेळी घडवून आणले. त्याचा शोधनिबंध 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या अकॅडमीनेही प्रदर्शनाच्या टाकीपासून वेगळी, अंधारी प्रयोगशाळा थाटून तिथे प्रवाळांचे प्रजनन घडवले.