कमळबीतला हिरवा कोंब
लेखमाला : चूल आणि औषध (भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण सर्दीवरचा आल्याचा चिनी काढा पाहिला. आजचे पातेले रात्रीचे आहे. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये जेवणानंतर वाटीभर गोड, पातळ सूप पितात. कँटोनीज भाषेत त्याला ‘थोंगसोय’, म्हणजे साखरपाणी, म्हणतात. त्यातलेच हे एक, कमळबी, लिलीचा कंद आणि लाल बोरांचे. मन थाऱ्यावर नसेल, डोळ्याला डोळा लागत नसेल, तर घरातली मोठी माणसे ते शिजायला ठेवतात.

चिनी वैद्यकात मनाला ‘शन’ म्हणतात आणि त्याचे घर हृदयात मानतात. हृदयातले रक्त उणे पडले किंवा तिथे उष्णता वाढली, की शनला तिथे टेकता येत नाही आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. म्हणून झोपेसाठीच्या द्रव्यांना ‘आनशन’, म्हणजे शनला निवांत करणारी, असे नाव आहे. लिलीचा कंद त्यांतला फार जुना. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी चांग चोंगचिंग या वैद्याने खाण्यात, निजण्यात, चालण्यात कशातच जीव न रमणाऱ्या एका आजाराचे वर्णन केले आणि त्याला लिलीचेच नाव दिले.

चौघांसाठी ५० ग्रॅम सोललेली सुकी कमळबी, ३० ग्रॅम सुक्या लिलीकंदाच्या पाकळ्या, १० लाल बोरे, मूठभर सुके लाँगन (लिचीसारखे एक फळ), चवीपुरती खडीसाखर आणि दीड लिटर पाणी घ्या. कमळबी म्हणजे मखाणा नव्हे. मखाण्याची वनस्पती वेगळी. पूजेच्या दुकानात मिळणारा काळा कमळगट्टा मात्र हीच बी, कठीण टरफलासकट. लाल बोरे ‘रेड डेट्स’ नावाने विकली जातात, म्हणून खजूर घालू नका. ती आपल्या बोरांच्याच कुळातली आहेत. लिलीचा कंद फक्त खाण्यासाठी विकला जातो तोच आणा. बागेतला कुठलाही कंद चालत नाही. आपल्याकडच्या कळलावीला इंग्रजीत लिलीच म्हणतात आणि तिचा कंद जिवावर बेतणारे विष आहे.

आता कमळबीकडे या. गरम पाण्यात तासभर भिजली की ती फुगते. नखाने मधोमध दाबा, दोन दळे अलग होतात आणि आत काडीसारखा, गर्द हिरवा कोंब दिसतो. जिभेवर ठेवून पाहा, कडवटपणा घशापर्यंत जाईल. असे पाच-सहा कोंब जरी राहिले तरी पातेले कडू होते, म्हणून प्रत्येक बी उघडून पाहायची. या कोंबाला चिनी भाषेत ‘कमळबीचे हृदय’ म्हणतात. तो टाकून देत नाहीत. वाळवून ठेवतात आणि हृदयातली उष्णता फार वाढली असे वाटले, तर गरम पाण्यात घालून चहासारखा पितात. एकाच बीचा गोड भाग रोजच्या वाटीत जातो आणि कडू भाग औषधाच्या बरणीत. अन्न आणि औषध यांच्यातली सीमा मला इथे नखाखाली सापडते.

कमळबी आणि बिया काढलेली बोरे पाण्यात घालून मंद आचेवर तासभर शिजवा. बी बोटाने सहज चेपली गेली पाहिजे. मग भिजवलेल्या लिलीच्या पाकळ्या आणि लाँगन घालून आणखी वीस-पंचवीस मिनिटे ठेवा; आधी घातल्या तर पाकळ्या विरघळून जातात. खडीसाखर अगदी शेवटी घाला. लवकर घातली तर कमळबी कडकच राहते.

हे सूप म्हणजे झोपेची गोळी नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवे, आणि मधुमेह असेल तर बोरे, लाँगन, साखर यांचा हिशेब आधी करा. पण झोपेची तयारी अंथरुणावर पडल्यावर नव्हे, संध्याकाळीच सुरू होते, हे मला या पातेल्याने शिकवले. हातात एकेक बी घेऊन तिच्यातला कडू कोंब काढत बसलेल्या माणसाचा दिवस तिथेच हळू होऊ लागतो.

पुढच्या आठवड्यात रानबोराच्या बियांचा काढा पाहू. तो मात्र स्वयंपाकघरातला नाही, वैद्याच्या हातचा आहे. तोवर काढलेले कोंब सावलीत वाळवून ठेवा.